धुराड्यावरचा शुक्र

लिफाफा पहिला
*पेन्सिलीनं लिहिलेलं: शुक्र. बारा वेळा. हवा – दहात तीन.*

आधी मला वाटलं, कुणाचं तरी नख लागलंय.

ओल्या प्लेटला नख लागलं की असाच ओरखडा उठतो – बारीक, वाकडा. पण हा एक नव्हता. बारा होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर. लाल दिव्याखाली मी ट्रे हलवत राहिले आणि बारा काळ्या कोरी हळूहळू वर आल्या. प्रत्येकीची कड थरथरलेली, वाहत्या पाण्यातून पाहावी तशी. बाकी सगळी काच राखाडी. नवरा-नवरी नाहीत, बाळ नाही, गणवेशातला शिपाई नाही.

असला फोटो कोण काढतं? आणि का?

शहागंजात आमचं फोटोचं दुकान, त्यावरच घर. पुढं अब्बा – करीमसाहेब फोटोवाले. मागं डार्करूम, आणि डार्करूममध्ये मी, अजरा. हे शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं. अब्बांना लाल उजेडात दिसेनासं झालं, तेव्हापासून चार वर्षं प्लेटा मीच धुवत होते. मधल्या भिंतीत हातभर लाकडी खिडकी. तिच्यातून प्लेट आत यायची, प्लेट बाहेर जायची. चांगल्या घरची मुलगी दुकानात बसत नाही. पण अंधारात कोण बसलंय हे कुणाला दिसतं? याहून दाट पडदा कुठला!

मला त्या अंधाराइतकं दुसरं काही प्रिय नव्हतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मी जे केलं ते काय पणाला लावून केलं ते कळेल.

दुसऱ्या दिवशी अब्बा दुपार कलताच असरच्या नमाजला गेलेले. खिडकीवर टकटक झाली.

"करीमसाहेब, राग मानू नका... पण प्लेट डेव्हलपरमध्ये जास्त वेळ राहिली. कडा सगळ्या पसरल्यात."

मी गप्प बसायला हवं होतं. चार वर्षं बसले होते. पण माझ्या कामाला कुणी नाव ठेवलेलं...

"डेव्हलपरनं कडा अशा पसरत नाहीत. हात हलला असेल तुमचा."

 मग, अगदी हळू – "आत कोण आहे?"

"अंधार."

"अंधार बोलतो?"

"उगाच चूक काढली की बोलतो."

तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. "हात नाही हलला. हवा हलली."

"हवा दिसते का कुणाला?"

"मला दुसरं काही दिसतच नाही," तो म्हणाला.

खोटारडा, असं मी मनात म्हटलं. आवाज मात्र गोड होता. गोड आवाजाच्या माणसांवर मी तेव्हा मुळीच विश्वास ठेवत नसे.

लिफाफा चौथा
*शुक्र. हवा – दहात दोन. (त्याखाली काहीतरी लिहून खोडलेलं.)*

खोडलेलं काय असेल, हे मी भिंग घेऊन बघितलं. वाचता आलं नाही. म्हणजे नक्कीच काहीतरी होतं.

त्याचं नाव शफीक. फर्दापूरचा. बाप तिथल्या डाकबंगल्याचा चौकीदार. लेणी बघायला आलेला कुणी परदेशी पाहुणा जाताना आपली पितळी दुर्बीण बापाला देऊन गेला, ती याच्याकडं. हा इथं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या मांडतो. दोन गल्ल्या पलीकडं, गच्चीवरच्या खोलीत राहतो. हे सगळं त्यानं अब्बांना सांगितलं आणि मी खिडकीला कान लावून ऐकलं. एवढी माहिती आपणहून कोण देतं? ज्याला काही लपवायचं असतं तो.

असरची वेळ तो चुकवत नसे. अब्बा मशिदीत, तो खिडकीत.

"एक विचारू?" मी म्हणाले. "तुम्ही म्हणता ही शुक्राची चांदणी. चांदणी ठिपक्यासारखी असते. ही तर चांदाची कोर आहे."

"शुक्राचीही कोर होते. उघड्या डोळ्याला कळत नाही एवढंच."

"आणि तुम्ही ज्या दिवशी हा फोटो काढला, त्या दिवशी चौदावीचा चांद होता. पुरा, थाळीएवढा. मी बघितलाय."

"म्हणजे पटलं ना? चांद गोल होता, तर ही कोर चांदाची कशी असेल?"

मी गडबडले. "म्हणजे... तुम्ही तारीख खोटी सांगितलीत."

"या अल्ला," तो म्हणाला. "अंधाराला वकिली कुणी शिकवली?"

घरी अनवरी खालाला – माझी मावशी, अम्मी गेल्यापासून घर तीच सांभाळते – त्या माणसाचा सुगावा माझ्याआधी लागला होता. खाला पाचोडची, तिचा शब्द दगडासारखा पडतो.

"लढाईचं दिस हायेत," ती भाकरी थापत म्हणाली. "रोज सांच्याला माडीवर पितळी नळी लावून बसतोय मेला. शुक्र बघतो म्हनं. आभाळात बघायला लागतंय काय इतकं? चार घरच्या बाया बघत आसंल, न्हाय तर कुनाला खुना करत आसंल."

"खुणा कुणाला करेल, खाला?"

"मला काय ठावं? म्हनून तर संशय हाय."

लिफाफा नाही
*ही प्लेट दुसऱ्या दोन प्लेटांच्या मधे होती. वर काहीच लिहिलेलं नव्हतं.*

कोर नव्हती. एक घर होतं, उलटं. दुर्बिणीतून सगळं उलटंच येतं, हे एव्हाना मला ठाऊक झालेलं.

मी प्लेट फिरवली.

माळवद. माळवदावर धुराडं. कपड्यांची तार. तारेला टोकाशी बांधलेली फाटकी निळी चिंधी. प्लेटमध्ये रंग दिसत नाही, पण ती निळी होती, कारण ती मी बांधली होती.

आणि कोपऱ्यात एक बाई. ओढणी नाही. केस मोकळे, मान एका बाजूला झुकलेली. प्लेटवर काळ्याचं पांढरं होतं – माझे केस पांढरेशुभ्र, तोंड काळं.

खाला सांगायची, दिवेलागणीला केस सोडून माळवदावर जाऊ नये. मी जायची. कोण बघतंय, असं म्हणायची.

 ही काच अब्बांच्या हाती लागली तर दोन गोष्टी होणार होत्या. पोलीस अमीन त्याच्या गच्चीवर चढणार; आणि माझा अंधार बंद होणार. जिला कुणी बघितलंय, ती मुलगी दुकानाच्या मागंसुद्धा बसत नाही. तिचं लग्न लावतात, लांब कुठंतरी, घाईनं.

मी काच फोडायला हवी होती.

फोडली नाही. जुन्या प्लेटांच्या ढिगात सरकवली. शेकडो काचांत एक काच... कोण शोधणार?

तीन दिल्या, दोन आल्या

"एक कमी आहे."

"फुटली."

"फुटली? की ठेवलीत?"

"कुणाचं घर होतं त्यावर?"

"..."

"ऐकू आलं नाही का? कुणाचं घर?"

"घर... हं. ते कुणाचं ते मला नाही ठाऊक. दुर्बीण जुळवत होतो. आधी लांबच्या घरावर जुळवायची, मग आभाळावर."

"दोन गल्ल्यांवरचं घर जुळलं म्हणून शुक्र जुळतो? भिंग सरकवावं लागतं परत. मी फोटोवाल्याची मुलगी आहे, शफीकसाहेब. भिंगाचं खोटं माझ्याशी बोलू नका."

"..."

"गेलात का?"

"इथंच आहे. हौ. खोटं बोललो."

"मग खरं?"

"खरं ऐकून तुम्हाला आणखी राग येईल."

"येऊ द्या."

"तुमचा – म्हणजे त्या घराचा – धूर."

"धूर?"

"शुक्र संध्याकाळी बरोबर त्या धुराड्याच्या डोक्यावर येतो. तेवढ्यात चूल पेटते. गरम हवा वर उठते आणि शुक्र... उकळायला लागतो. डेगीतल्या पाण्यासारखा. तारे लुकलुकले की लोक खूश होतात, मला रडू येतं. हवा निवांत पाहिजे. ती निवांत असली की कोर अशी थांबते... अशी... जणू कुणीतरी श्वास रोखलाय. धूर किती, कधी, ते बघायला फोटो घेतला."

"आणि बाई?"

"कुठली बाई?"

इतकं साधं विचारलं त्यानं. संशय यावा इतकं साधं.

वहीतलं पान
*खिडकीतून आत सरकवलेलं. पुरावा म्हणून.*

सोमवार – धूर. दहात दोन.
मंगळवार – धूर. दहात तीन.
बुधवार – धूर, दोन चुली. दहात एक.
गुरुवार – धूर नाही. दहात सात!!
शुक्रवार – धूर.
शनिवार – धूर.

त्या गुरुवारी आम्ही शादीला जेवायला गेलो होतो. चूल खरंच पेटली नव्हती.

मी ते पान लाल उजेडात तीनदा वाचलं. पुढं-मागं मिळून महिनाभराच्या नोंदी. महिनाभर मी रोज त्या माळवदावर होते – कपडे काढत, केस सुकवत, कबुतरांना हाकलत. आणि या माणसाच्या वहीत काय? धूर. धूर. धूर. धूर, दोन चुली!

आधी मला राग आला होता की त्यानं मला बघितलं. आता राग आला की...

नाही. ते लिहीत नाही.

चूल

विश्वास ठेवायचा नाही, तपासायचं. अब्बांनी मला हेच शिकवलं – द्रावणात जोर उरलाय की नाही ते चव घेऊन नाही, पट्टी बुडवून बघावं.

मी ठरवलं: एक दिवस मी निवडीन. त्याला सांगणार नाही. त्या दिवशी चूल दिवेलागणीनंतर पाऊण तासानं पेटेल. त्याचा शब्द खरा असेल तर दुसऱ्या दिवशी माझ्या ट्रेमध्ये दिसेल. प्लेटला गोड बोलता येत नाही.

बुधवार निवडला. दुपारीच जळणावर पाणी सांडलं. खाला शिव्या देत सुकी लाकडं आणायला गेली. राहिली शेजारची सरूबाई, दुसरी चूल तिची. मी भिंतीवरून वाकले.

"सरूबाई, आज चूल जरा उशिरा पेटवता का?"

"का गं बयो?"

"धूर डोळ्यांत जातो."

"कुनाच्या?"

"अब्बांच्या."

"व्हय, व्हय," सरूबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. "अब्बांच्याच डोळ्यांत जात असंल. माझं लगीन ठरलं तवा माझ्या बाच्या डोळ्यांत बी लई धूर जायचा."

त्या संध्याकाळी मी माळवदावर गेले नाही. खाली, थंड चुलीपुढं बसून राहिले. आणि कधीतरी माझ्या ध्यानात आलं की मी श्वास रोखून बसले आहे – जणू माझ्या श्वासानंसुद्धा हवा हलेल.

काळी प्लेट
*लिफाफ्यावर: शुक्र. बारा वेळा. हवा – दहात... (आकडा लिहिलेला नाही.)*

गुरुवारी प्लेट देऊन तो लगेच निघून गेला नाही. पुढं बाकावर बसून राहिला. "थांबतो," म्हणाला अब्बांना. 

मी प्लेट ट्रेमध्ये सोडली. मोजायला लागले. तीस... चाळीस...

आणि आल्या. बारा कोरी, पातळ, तासून ठेवल्यासारख्या. दोन्ही टोकं सुईसारखी. कुठं थरथर नाही. माझ्या घराच्या वरची हवा, त्या अर्ध्या तासाची, अशी दिसत होती. मी ती निवांत केली होती.

खरं बोलला होता तो.

तेवढ्यात पुढून अब्बांचा आवाज आला. "ये क्या है?"

लढाईमुळं फ्रेमसाठी काच मिळेनाशी झाली होती. म्हणून अब्बा त्या सकाळपासून जुन्या प्लेटा गरम पाण्यात टाकून धुवत होते. मसाला निघून गेला की साधी काच उरते. मी निर्धास्तपणे जिथं काच लपवली, नेमका तोच ढीग त्यांनी टबाजवळ ओढला होता. आणि पाण्यात सोडण्याआधी प्रत्येक काच उजेडाला धरून बघायची, ही त्यांची जुनी सवय.

"हे माझं माळवद आहे," अब्बा म्हणाले. फार हळू. "ही माझी मुलगी आहे. आणि समोरच्या गच्चीवर नळी तुझी आहे."

"साहेब, मी—"

"म्या म्हनलं न्हवतं?" खाला डबा घेऊन आली होती. "म्या आत्ताच्या आत्ता ठान्यावर जाते. अमीनसायबाला घिऊनच येते."

"अब्बा!" मी मिटलेल्या खिडकीवर हात आपटून ओरडले. "तसं नाही ते—"

खिडकीची फळी बाहेरून दाबली गेली. कडी लागली. खालाच्या चपला पायरीवर वाजल्या.

प्लेट अजून डेव्हलपरमध्ये होती. हायपोत पडून पक्की व्हायला चार मिनिटं हवीत. त्याआधी उजेडाचा एक कवडसा पुरे, सगळी काळी. तो खरं बोलला याचा जगात एकच पुरावा होता आणि तो फक्त अंधारात पुरावा होता.

दाराची कडी माझ्या बाजूला होती.

मी दार उघडलं.

दुपारचा उजेड माझ्या अंगावरून आत गेला. चार वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाच्या जागेत उभी होते, ओढणी हायपोच्या डागांनी भरलेली. तो बाकावरून उठला होता. बारीक होता, कानाशी पेन्सिल. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागच्या उघड्या दाराकडं... आणि त्याचा चेहरा असा झाला की मला कळलं, याला समजलं काय गेलं ते.

"खाला, थांब!" मी म्हणाले. "अब्बा, तुम्हीच शिकवलंत – माणसाला काय हवं होतं ते भिंगाला विचारावं. विचारा. भिंग कुठं जुळलंय त्या प्लेटवर?"

अब्बांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणी दुसरीच होते. पण ते चाळीस वर्षं फोटोच काढत आले होते. खिशातलं भिंग त्यांच्या डोळ्याला आपोआप लागलं.

 खाला पायरीवर, एक पाय वर, एक खाली.

"धुराड्याची वीट न् वीट मोजता येते," अब्बा शेवटी म्हणाले. "मुलगी नुसती ढगासारखी. हललीय, आणि यानं दुसरी प्लेटसुद्धा घेतली नाही." भिंग खाली आलं. "ज्याला बाई हवी असते तो बाईवर भिंग जुळवतो, अनवरी. हे गाढव धुराड्यावर जुळवून बसलंय."

"साहेब, तो धूर—"

"चूप. जा तू. नळी दुसरीकडं फिरव."

तो निघाला. दारात थांबला. माझ्याकडं न बघता विचारलं, "कालची... कशी होती?"

"दहात दहा."

"दहात दहा कधीच नसते."

"मग ठेवू नका विश्वास."

"ठेवला," तो म्हणाला. आणि गेला.

कोरा लिफाफा

अब्बा माझ्यावर ओरडले नाहीत. डार्करूमला कुलूप घातलं, चावी स्वतःच्या खिशात ठेवली. ते ओरडण्याहून वाईट होतं.

प्लेटा ते स्वतः धुवायला लागले. पहिल्या आठवड्यात एका लग्नाची अख्खी वरात काळी पडली. मी जिन्यात बसून ऐकत होते – ट्रेचा आवाज चुकीचा, मोजणं चुकीचं.  खाला जालन्याच्या एका स्थळाचं बोलू लागली.

शुक्र रोज खाली खाली उतरत गेला. मग एक दिवस संध्याकाळच्या आभाळातून गेलाच.

आता शफीकला आमच्या घराकडं बघायचं काही कारण उरलं नव्हतं.

माझा संशयी स्वभाव... मी रोज दिवेलागणीला, केस बांधून, जिन्याच्या तोंडाशी उभी राहून दोन गल्ल्या पलीकडं बघत होते. पितळ लांबून चमकतं.

फेब्रुवारीच्या एका दुपारी तो आला. हातात प्लेट नव्हती, लिफाफा नव्हता. आमच्या घरी, वरच्या खोलीत, अब्बांसमोर बसला. मी पडद्याआड.

"रिश्ता घिऊन पोरगा सवताच येतो व्हय?" खाला म्हणाली. "कुनी मोठं मानूस न्हाय तुला?"

"वालिद फर्दापूरला असतात. त्यांचं पत्र आणलंय."

"हूं," अब्बा म्हणाले. "प्लेटा फुकट धुवून मिळतील म्हणून आलास?"

"नाही, साहेब. डार्करूम त्यांची आहे. माझ्यासाठी त्यांनी दार उघडलं आणि तेव्हापासून ती त्यांना बंद आहे. ती परत उघडली नाही तर मी... मला माझंच तोंड बघवणार नाही. रिश्त्याला नाही म्हणा, पण चावी त्यांना द्या."

मग मी बोलले, पडद्याआडून.

"शुक्र आता कुठं आहे?"

तो दचकला. मग म्हणाला, "पहाटे निघतो आता. पूर्वेला."

"आणि आमचं घर तुमच्या गच्चीवरून?"

"पश्चिमेला... नैर्ऋत्येला."

"काल संध्याकाळी दुर्बीण कुठं रोखलेली होती?"

 एक खोटं बोलून त्याला सुटता आलं असतं. गुरू, म्हणता आलं असतं. शनी, म्हणता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं? अब्बांनी ज्या गुन्ह्यातून त्याला सोडलं, नेमका तोच गुन्हा मी त्याच्या तोंडून मागत होते. पडद्याच्या फटीतून मला त्याचे कान लाल होताना दिसले.

"तुमच्या माळवदाकडं," तो म्हणाला.

"बघा!" खाला किंचाळली.

"धूर मोजायला?"

"नाही."

"मग?"

"कुणी वर येतं का ते बघायला." त्यानं मान खाली घातली. "चार दिवस. आलं नाही कुणी."

अब्बा उठले. मला वाटलं, आता हात उगारतात. ते त्याच्यासमोर उभे राहिले, खिशात हात घातला, चावी काढली आणि पडद्याच्या खालून आत सरकवली.

"कालपासून तीन प्लेटा पडून आहेत," ते मला म्हणाले. "याचं काय करायचं ते तू सांग. मला याच्यावर भरवसा नाही. असलं खरं बोलणारा माणूस मी आजवर बघितला नाही."

चावी गार होती. मी ती मुठीत घट्ट धरली आणि पडदा बाजूला केला. तो बघत राहिला. बघायचं कसं असतं हेच विसरल्यासारखा.

"दुर्बीण पेटीत घाला," मी म्हणाले. "इतक्या जवळचं तिच्यातून दिसत नाही."